तारीख पडत राहते, ठेवीदार संपत जातो: सहकारमंत्र्यांना तासगावहून खुलं पत्र

प्रति,
मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातली. घरचा थोडा ऊस, एका साखर कारखान्याचं सभासदत्व आणि बुडालेल्या पतसंस्थेत अडकलेली घरातली ठेव, एवढाच माझा सहकाराशी संबंध. पण गाऱ्हाणं मोठं आहे. लोकांचा पैसा सांभाळणारी काही माणसं इतकी गडगंज झाली आहेत की आमच्या नुकसानीची झळ त्यांना लागतच नाही. ती लागावी म्हणून कायद्यानं जी वाट केली आहे, ती आपल्या खात्यात येऊन अडते.

माझी आत्या बेदाणा शेडवर निवडणीला जायची. दिवसभर मांडी घालून काड्या आणि काळे मणी वेगळे करायचे, संध्याकाळी पिग्मीवाला दारात आला की कनवटीचे पैसे काढून द्यायचे. त्यातूनच पुढे नातीच्या लग्नासाठी म्हणून मुदत ठेव झाली. मग संस्थेला टाळं लागलं. कर्जं गेली होती मोठ्या लोकांना, नावापुरत्या तारणावर. कर्जदारांची आणि संचालकांची आडनावं बरीच जुळत होती. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे ठेव घेताना तिला कुणी सांगितलं नव्हतं. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती हेलपाटे घालत राहिली.

त्याच वर्षी एका संचालकांच्या घरी लग्न झालं. मोठा मांडव, शेकड्यांनी गाड्या. आत्यालाही पत्रिका आली होती.

मी त्या पत्रिकेचा पुष्कळ विचार केला आहे. पाठवणाऱ्याच्या मनात तिला हिणवायचं नव्हतं, असंच मला वाटतं. या बाईच्या नातीचं लग्न आपल्यामुळे अडलंय, हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं. मला भीती वाटते ती याचीच. दुष्टपणाला निदान समोरचा माणूस दिसत तरी असतो.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी 2012 साली एक निरीक्षण मांडलं होतं: झेब्रा क्रॉसिंगवर पायी माणूस उभा असताना महागड्या गाड्या न थांबता जाण्याचं प्रमाण जास्त होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत त्या संशोधनातले सगळे निष्कर्ष टिकले नाहीत, म्हणून पैशानं काळीज आटतं असं मी सरसकट म्हणणार नाही. पण पैशानं अंतर पडतं, हे मी रोज बघते. ज्यांची मुलं इथल्या शाळेत नाहीत, ज्यांचं दुखणंखुपणं पुण्या-मुंबईत निघतं, ज्यांना ठेवीच्या खिडकीपुढे कधी उभं राहावं लागलं नाही, त्यांना आमची अडचण कागदावरूनच कळणार. साताऱ्यात लक्ष्मीबाई पाटलांनी कर्मवीरांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मन मोठं होतंच, पण ती मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर जेवायला बसत होती. भूक घरातच होती.

देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे 2022-23 मध्ये एकूण संपत्तीचा सुमारे 40 टक्के वाटा होता, असा जागतिक विषमता प्रयोगशाळेचा अंदाज आहे. संपत्ती कर 2015 सालीच रद्द झाला. तो विषय दिल्लीचा, इथे वाढवत नाही. सहकार मात्र आपला आहे.

सप्टेंबरअखेर आमच्याकडे वार्षिक सभा होतात. व्यासपीठाजवळच्या रांगा आधीच भरलेल्या असतात. विषय वाचून संपायच्या आत 'मंजूर, मंजूर' असा गलका होतो आणि प्रश्न विचारायला उठलेल्या म्हाताऱ्या सभासदापर्यंत माईक येतच नाही. त्याला कुणी दमदाटी करत नाही. फक्त राष्ट्रगीत सुरू होतं.

उसाचंही तेच. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. बिलं थकलेली मी पाहिली आहेत, सोसायटीचं कर्ज थकल्यामुळे शेतकऱ्याला बसलेला भुर्दंडही पाहिला आहे. पण हे व्याज कारखान्यानं आपणहून दिलं, असा एक शेतकरी माझ्या माहितीत नाही.

आता आपल्या टेबलाबद्दल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चं कलम 88 संस्थेचं नुकसान करणाऱ्या संचालकांवर वैयक्तिक जबाबदारी निश्चित करतं. चौकशी दोन वर्षांत संपवायची, असंही कायदा सांगतो. गडगंज माणसाला झळ लागेल असं हे एकच कलम आमच्या हातात आहे. पण रक्कम ठरायची वेळ आली की प्रकरण अपिलात किंवा कलम 154 खाली फेरतपासणीसाठी शासनापुढे येतं, स्थगिती मिळते, आणि पुढे नुसत्या तारखा. संचालकाला वकील परवडतो आणि थांबणंही परवडतं. आत्याला दोन्ही परवडलं नाही. ठेव परत न मिळताच ती गेली.

म्हणून मागणं असं. कलम 88 च्या कोणत्या प्रकरणांना शासनाची स्थगिती आहे, कधीपासून आणि कोणत्या कारणासाठी, याची जिल्हावार यादी मराठीत प्रसिद्ध करा; सुरुवात सांगलीपासून करा. ज्या स्थगितीला वर्ष उलटलं, तिची सुनावणी तीन महिन्यांत संपवा. त्या सुनावणीची तारीख ठेवीदारांना पत्रानं कळवा आणि त्यांना बोलू द्या. कारखान्यांच्या थकबाकीचा तक्ता निघतो, त्यात 15 टक्के व्याजाचा रकाना वाढवा आणि तो भरल्याशिवाय पुढच्या हंगामाचा गाळप परवाना देऊ नका.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. आत्याच्या ठेवीची पावती आता तिच्या नातीच्या नावानं वारस नोंदीला लागली आहे. आत्याच्या पतसंस्थेचं प्रकरण त्या यादीत कुठे आहे, हे त्या नातीला कळवावं.

आपली,
एक सभासद,
तासगाव, जि. सांगली