दादा, एम४० वर येण्याआधी

बर्मिंगहॅम,
रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हीथ्रोला उतरून भाड्याची गाडी घ्यायची आणि सगळ्यांना घेऊन एम४० या मोटरवेने (मोटरवे म्हणजे इथला एक्सप्रेसवे) स्वतः चालवत घरी यायचं, असं तू परवा फोनवर म्हणालास. परवान्याची अडचण नाही. आपला भारतीय परवाना मुदतीत असला की इथे आल्यापासून १२ महिने त्यावर गाडी चालवता येते. स्टिअरिंगही उजवीकडे आणि वाहतूकही डावीकडून. पण एवढं सारखं असल्यामुळेच आपल्याकडून येणारा माणूस लेनच्या बाबतीत फसतो. पोलिसांच्या मोहिमा मोटरवेवर वरचेवर चालू असतात, म्हणून फोनवर अर्धवट राहिलेलं नीट लिहून पाठवतोय.

पहिली गोष्ट, आणि खरं तर हीच मुख्य. तीन लेनच्या मोटरवेवर तुझी लेन डावीकडची. मधली आणि उजवी, दोन्ही फक्त ओव्हरटेक करण्यासाठी. आपण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर उजव्या लेनला ‘फास्ट लेन’ म्हणतो आणि किवळ्याला चढलो की तीच धरून बसतो. इथे तसं काही नाही. हायवे कोडचा, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांच्या सरकारी पुस्तकाचा, नियम २६४ सांगतो की पुढे रस्ता मोकळा असेल तर डाव्या लेनमध्येच चालवा आणि ओव्हरटेक झाल्यावर परत डावीकडे या. डावी लेन रिकामी असताना मधल्या लेनमध्ये चालवत राहिलं तर ऑगस्ट २०१३ पासून पोलीस तिथल्या तिथे १०० पौंड दंड आणि परवान्यावर ३ पॉइंट (दोषगुण) देऊ शकतात. गुन्हा निष्काळजीपणे गाडी चालवण्याचा. पुढच्या गाडीला चिकटून चालवणाऱ्यालाही हेच कलम आणि हीच रक्कम.

‘मी माझ्या वेगात सरळ जातोय, कोणाचं काय बिघडलं?’ असं तू विचारशील. बरंच बिघडतं. समज तू मधल्या लेनमध्ये ताशी ६० मैलांनी चालला आहेस, डावी लेन मोकळी आहे आणि तिच्यातून मागून कोणीतरी ७० ने येतोय. त्याला तुझ्या पुढे जायचं तर दोन लेन ओलांडून पार उजवीकडे जावं लागतं आणि पुन्हा दोन लेन ओलांडून परत यावं लागतं. म्हणजे चार वेळा लेन बदलायची. तू डावीकडे असतास तर दोनदाच लागली असती. नाहीतर तो वैतागून तुझ्या डावीकडून पुढे काढणार, आणि त्याच क्षणी तुला डावीकडे यायचं सुचलं तर काय होईल ते सांगायला नको.

ट्रकवाल्यांची अडचण याहून मोठी. इथे साडेसात टनांहून जड मालट्रकला तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजव्या लेनमध्ये जायला मनाई आहे. मागे ट्रेलर ओढणाऱ्या कारलाही तीच मनाई. शिवाय मोठ्या ट्रकचा वेग लिमिटरने ताशी ५६ मैलांवर, म्हणजे ९० किलोमीटरवर बांधलेला असतो. तू मधल्या लेनमध्ये ५० ने रेंगाळलास की मागचा ट्रक कायदेशीर मार्गाने तुझ्या पुढे जाऊच शकत नाही, कारण उजवी लेन त्याला बंद. मग त्याच्या मागे रांग लागते, रांगेतले लोक एकमेकांना चिकटायला लागतात, आणि एका ब्रेकवर चार-पाच गाड्या एकमेकांवर आदळतात. एका कारने अडवलेली मधली लेन सगळा रस्ता एका लेनने अरुंद करते.

याचा अर्थ प्रत्येक ट्रकमागे डावी-उजवी करत नागमोडी जायचं असा नाही. डावीकडे ट्रकची रांग असेल तर ती संपेपर्यंत मधल्या लेनमध्ये खुशाल राहा. माझा ठोकताळा असा: डावीकडे दहा-पंधरा सेकंद आरामात चालवता येईल इतकी जागा दिसली की जायचं. परत येताना मागे टाकलेल्या गाडीचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात दिसेपर्यंत थांब. लेन बदलताना आधी आतला आरसा, मग त्या बाजूचा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून एक नजर, आणि त्यानंतर स्टिअरिंग. आपल्याकडे बहुतेक जण स्टिअरिंग वळवता वळवता इंडिकेटर देतात. त्या इंडिकेटरचा मागच्याला काहीच उपयोग नाही.

अंतराचं गणित पाठच कर. मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे साधारण ११२ किलोमीटर. या वेगात कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला ९६ मीटर लागतात: २१ मीटर तुझा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत आणि ७५ मीटर प्रत्यक्ष ब्रेकिंगचे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोज. ते म्हणून होण्याआधी तू खांबापाशी पोचलास तर फार जवळ आहेस. पावसात चार सेकंद, आणि पाऊस इथे कधीही येतो. मागचा चिकटला असेल तर त्याला धडा शिकवायला ब्रेक मारू नकोस. पुढचं अंतर वाढव, जमेल तेव्हा डावीकडे हो आणि त्याला जाऊ दे.

डिपरचा अर्थही बदलतो. आपल्याकडे डिपर म्हणजे ‘साइड दे, मी आलो’. हायवे कोडप्रमाणे डिपरचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ एवढाच. डिपर देत कोणाच्या मागे लागलास तर तो धमकावण्याचा प्रकार समजला जातो, आणि पोलीस पाहत असतील तर थांबवतात.

पोलीस कुठे असतात? फक्त पट्ट्यापट्ट्यांच्या गाडीत नाही. साध्या दिसणाऱ्या गाड्याही असतात, आणि २०१५ पासून बिनखुणेच्या ट्रकच्या केबिनही. उंच केबिनमधून शेजारच्या कारमध्ये मांडीवर ठेवलेला मोबाइलसुद्धा दिसतो. बाजूला बसलेला अधिकारी व्हिडिओ घेतो आणि मागून येणारी पोलिसांची गाडी तुला बाजूला घेते. हातात मोबाइल धरला तर २०० पौंड आणि ६ पॉइंट. मार्च २०२२ पासून फोटो काढणं, गाणं बदलणं हेही त्यात आलं. नकाशा लावायचाच तर फोन स्टँडवर लाव आणि निघण्यापूर्वी लाव. वहिनी शेजारी आहे, रस्ता तिला सांगू दे.

‘दंड मागाहून पोस्टाने येईल, तोवर आपण पुण्यात’ असा विचार मनात आणू नकोस. ज्यांचा इथे समाधानकारक पत्ता नाही त्यांच्याकडून पोलीस रक्कम जागेवरच अनामत घेऊ शकतात, आणि ती दिली नाही तर गाडी अडकवून ठेवू शकतात. कॅमेऱ्याची नोटीस भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीकडे जाते. ती तुझं नाव कळवते आणि बहुधा वर स्वतःचं शुल्क लावते.

आणखी काही बारीक गोष्टी. वर कमानीवर लेनच्या डोक्यावर लाल फुली दिसली तर ती लेन बंद. पुढे रिकामी दिसली तरी तिच्यात जायचं नाही. तिलाही १०० पौंड आणि ३ पॉइंट, आणि जून २०१९ पासून कॅमेरे ते पकडतात. लंडनभोवतीच्या एम२५ मोटरवेवर लाल वर्तुळातला वेगाचा आकडा बदलत राहतो, तो बंधनकारक असतो. रात्री रस्त्यातले चमकते खडे वाचायला शीक: डाव्या कडेला लाल, लेनच्या मधे पांढरे, दुभाजकाशी पिवळसर, आणि हिरवे दिसले की तिथे बाहेर पडण्याचा किंवा आत येण्याचा रस्ता. बाहेर पडायचं वळण ३०० यार्डांवर असताना तीन तिरक्या रेघांचा फलक येतो, मग दोन, मग एक. तोवर डाव्या लेनमध्ये नसशील तर ते वळण सोडून दे. शेवटच्या क्षणी कट मारणं आणि चुकल्यावर रिव्हर्स घेणं, दोन्ही माणसं मारतात.

गाडी बंद पडली तर डावीकडच्या दारांनी सगळ्यांनी उतरायचं आणि कठड्यापलीकडे उभं राहायचं. इशाऱ्याचा लाल त्रिकोण मोटरवेवर ठेवायचा नसतो. आपली सवय इथे विसर.

सरावाला एक्सप्रेसवे आहेच. आपल्याकडेही नियम नाही असं नाही. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये लेनची शिस्त सांगितली आहे, ती मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ खाली ५०० ते १००० रुपये दंड, आणि जुलै २०२४ पासून आयटीएमएसचे, म्हणजे एक्सप्रेसवेवरच्या वाहतूक-देखरेख यंत्रणेचे, कॅमेरे लेन कटिंगचं ई-चलन काढतात. किवळे ते लोणावळा हा सपाट पट्टा घे आणि ओव्हरटेक झालं की डावीकडे येण्याची सवय लाव. एक मात्र कधीच करू नकोस: उजव्या लेनमध्ये रेंगाळणाऱ्या ट्रकच्या डावीकडून पुढे काढणं. ट्रकवाला उजवीकडे बसतो, त्याची डावी बाजू आरशातही नीट दिसत नाही, आणि तो नियमाप्रमाणे डावीकडे यायला लागला तर तू त्याच्या चाकाखाली. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर तर ट्रकच्या पुढेमागे राहूच नकोस. डिझेल वाचवायला कोणी न्यूट्रलमध्ये उतरला की इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून सुटतात. इंजिनच बंद केलं असेल तर ट्रकचे ब्रेक ज्यावर चालतात ती हवाही भरत नाही.

गाडी बुक करण्याआधी छकुलीची उंची मोजून कळव. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल आणि तिला बारा पूर्ण नसतील तर तिच्यासाठी वेगळी सीट लागते, ती गाडीबरोबरच मागवावी लागेल. आणि आईला आत्ताच सांगून ठेव: मागच्या सीटवरही पट्टा लावायचा, हीथ्रोपासून घरापर्यंत.

आई-बाबांना नमस्कार, छकुलीला पापा.

तुझा,
धाकटा