यॉर्कच्या गुडरमगेटवरच्या त्या काकूंना, कराडच्या आईकडून (आणि माझ्याकडूनही)

प्रिय काकू,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गळ्यात बॅज होता तुमच्या पण तो कार्डिगनच्या आत गेलेला, आणि चर्चमधून बाहेर पडलो तोवर तुमची बस आली नि तुम्ही हात हलवत पळालात. म्हणून काकू. आईचं म्हणणं तुम्ही तिच्याहूनही मोठ्या असाल तेव्हा मी आजी म्हणावं, पण इंग्लंडमधल्या बाईला तोंडावर आजी म्हणायची माझी हिंमत नाही.

हे मराठीत लिहितेय, तुम्हाला यातलं एक अक्षर कळणार नाही हे माहितीय. आईनंच सांगितलं मराठीत लिही म्हणून. "इंग्रजीतलं थँक्यू तर तुम्ही बसमधनं उतरताना ड्रायव्हरलाही म्हणता, त्याला काय किंमत राहिली." झालं. आणि इथं यूकेत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणी यॉर्कला गेलंच तर तुमच्या दुकानात डोकावतील, हाही एक स्वार्थ आहे.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. आई दोन महिन्यांसाठी लीड्सला आलेली, आणि तिला यॉर्कचं ते मोठं चर्च, मिन्स्टर, बघायचं होतं. लीड्सहून ट्रेननं अर्धा तासही लागत नाही त्यामुळे मी अंदाज न बघताच निघाले (चूक माझी). स्टेशनातून बाहेर आलो तर आडवा पाऊस. नदीकाठी किंग्ज स्टेथवर पाणी चढलेलं, लोक कठड्याशी उभं राहून फोटो काढतायत, आणि आई म्हणते आमच्या कृष्णेला पूर आला की असे फोटो काढत नाहीत बाई, जनावरं सोडतात आधी.

मिन्स्टरला लाइन होती ती एक गोष्ट. पण तिकिटाचा आकडा मी रुपयात सांगायची चूक केली, मग आई लाइनीतून बाहेरच आली. देवाच्या दारात तिकीट? मी समजावलं की एवढी मोठी इमारत सांभाळायची म्हणजे खर्च असतो वगैरे, पण तिचं ठरलं होतं. त्यात मी तिच्यासाठी ऑनलाइन मागवलेलं वॉटरप्रूफ जॅकेट दोन्ही खांद्यांतून झिरपत होतं. आणि चप्पल! आई बूट घालत नाही, मोज्यांवर चप्पल, तीही कराडहून आणलेली, आणि मिन्स्टरच्या मागच्या त्या गुळगुळीत दगडांवर डाव्या पायाच्या चपलेचा अंगठा तुटला. अशी ती एक पाय ओढत, माझ्या खांद्याला धरून, आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत, आम्ही गुडरमगेटला वळलो. (यॉर्कमध्ये गेट म्हणजे रस्ता आणि शहराच्या दरवाज्याला म्हणतात बार. हे मला पहिल्या वेळी कळलं तेव्हा मी एक तास गेट शोधत हिंडले होते.)

आता मला हा रस्ता का आवडतो तर तिथं एकाला लागून एक चॅरिटी शॉप्स आहेत, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकून एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी पैसे जमवणारी दुकानं. मी तासन्‌तास रमते. बशी हरवलेले बोन चायनाचे कप, कुणाच्या तरी लग्नात मिळालेला न वापरलेला फॉन्ड्यू सेट, जिगसॉच्या डब्यावर पेनानं लिहिलेलं "एक तुकडा कमी आहे, आकाशातला". असला प्रामाणिकपणा मला दुसऱ्या कुठल्या दुकानात दिसत नाही.

आई मात्र या दुकानांत पाऊल टाकत नाही. आमच्याकडे जुने कपडे म्हणजे बोहारीण. दुपारच्या वेळी ती दारात येऊन बसायची, आई दोन जरीच्या साड्या नि बाबांच्या चार पँटी पुढे ठेवायची आणि अर्धा तास घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं घ्यायची. म्हणजे कपडा घरातून बाहेर जायचा. बाहेरचा कपडा घरात यायचा नाही, कधीच नाही. दुसऱ्याचं उतरलेलं अंगावर घालणं हे तिच्या लेखी फार खाली उतरणं आहे, आणि लहानपणी तिनं चुलत बहिणींचे फ्रॉक घालून काढलेली वर्षं त्याच्यामागे आहेत हे मला माहितीय, त्यामुळे मी कधी वाद घालत नाही.

पण त्या दिवशी इलाज नव्हता. पहिल्या दुकानात तिच्या मापाचं काही मिळालं नाही. दुसरं तुमचं.

तुम्ही काउंटरमागून एकदा आईच्या पायाकडे बघितलंत आणि काही न विचारता खुर्ची आणलीत. तीच विक्रीला असलेली, बारा पाउंडांचं लेबल लटकत होतं तिला. रेडिएटरजवळ ठेवलीत. "सिट डाउन, लव्ह." आई मला विचारते ही मला लव्ह का म्हणतीय? मी म्हटलं यॉर्कशायरमध्ये सगळ्यांना म्हणतात, आपण कसं "अगं बाई" म्हणतो तसंच समज. तेवढ्यात तुम्ही मागच्या खोलीतून, जिथं पिशव्यांचा डोंगर असतो नि कपड्यांना वाफ देतात तिथून, आतून लोकर असलेले चार नंबरचे बूट काढून आणलेत, अजून लेबलही लागलं नव्हतं त्यांना, आणि एक निळा रेनकोट. आणि चहा. दूध घालून, तुमच्या स्वतःच्या मगमध्ये.

आईनं चहा घेतला. बुटांना हात लावला नाही. मला म्हणाली, "विचार तिला, हे मेलेल्या माणसांचे आहेत का."

मी काय केलं ते आता कबूल करते. मी इंग्रजीत गुळमुळीत काहीतरी विचारलं, की आई विचारतेय या वस्तू कुठून येतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. आईकडे बघून म्हणालात, ती विचारतेय मेलेल्यांचे आहेत का, हो ना? आणि मग म्हणालात, काही आहेत. हे बूट कुणाचे मला माहीत नाही. पण माझ्या नवऱ्याचे चार कोट मी इथंच आणून दिले, याच काउंटरवर, गिफ्ट एडचा फॉर्मसुद्धा भरला.

ते गिफ्ट एड मला आईला समजावून सांगावं लागलं, की देणारा टॅक्स भरत असेल तर वस्तू विकून आलेल्या प्रत्येक पाउंडामागे सरकार संस्थेला आणखी पंचवीस पेन्स देतं, आणि वस्तू केवढ्याला गेली हे देणाऱ्याला कळवावं लागतं. तुम्हाला तसं पत्र आलं होतं. चार कोटांचे छत्तीस पाउंड. "तो असता तर चिडला असता," म्हणालात. आणि मग म्हणालात की त्यातला एक कोट अजून कधीकधी बसस्टॉपवर दिसतो, आत कुणीतरी तरुण पोरगा असतो, आणि तो बटणं लावत नाही, कडाक्याच्या थंडीतही नाही, आणि तुम्हाला जाऊन त्याला बोलावंसं वाटतं.

मी हे जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली. मग वाकून बूट घातले. रेनकोट घातला, आणि बटणं लावली, खालपासून वरपर्यंत सगळी. तुम्ही हसलात ते का हे तिला बरोबर कळलं होतं.

काकू, माझे बाबा जाऊन दोन वर्षं झालीत. हे तुम्हाला आम्ही सांगितलं नव्हतं.

चौदा पाउंड झाले दोन्हीचे. आईनं एकशे पंधरानं गुणलं, सोळाशे म्हणाली, नि मला वाटलं आता घासाघीस सुरू करते की काय. पण तिनं विचारलं बाईंना पगार किती. काहीच नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना, मी सांगितलं अगं अशी दुकानं बरीचशी व्हॉलंटियर्सवरच चालतात.

मग तुमची ड्यूटी संपली आणि तुम्ही म्हणालात चर्च बघायचंय ना तिला, चला, एक फुकटचं दाखवते, बंद व्हायची वेळ होत आलीये. मी त्या रस्त्यावरून कितीदा गेलेय काकू, पण ते फाटक मला कधी दिसलं नव्हतं! दुकानांच्या मधे एक विटांची कमान नि आत गवत, झाडं, नि होली ट्रिनिटी नावाचं चर्च. रस्त्यावरचा आवाजच बंद झाला एकदम. फाटकाजवळची ती पुढे झुकलेली पांढरी घरं, लेडी रो, १३१६ सालची, यॉर्कमधली सगळ्यात जुनी घरांची रांग, ती चर्चच्याच आवाराच्या कडेला बांधली आणि त्यांच्या भाड्यातून प्रार्थना म्हणणाऱ्या पाद्र्याचा खर्च निघायचा, असं तुम्ही सांगितलंत. आई लगेच: "म्हणजे देवळाचे गाळे." सातशे वर्षांपूर्वीचे गाळे, आणि आजही त्यात दुकानंच आहेत. इथं तिला हे गाव पहिल्यांदा ओळखीचं वाटलं असं मला वाटतं.

भिंतीवरच्या इंद्रधनुषी कडेच्या गोल पाटीबद्दल आईनं विचारलं. १८३४ च्या ईस्टरला अ‍ॅन लिस्टर आणि अ‍ॅन वॉकर या दोघींनी इथं एकत्र प्रसाद घेतला आणि तेच आपलं लग्न मानलं. हे भाषांतर करताना मी जरा अडखळले. आई म्हणाली, "बरं झालं, सोबत झाली एकमेकींना," आणि आत गेली. मी उगाचच घाबरत होते.

आत फरशी अशी वरखाली की आईनं माझा दंड धरला. आणि ती बाकं! बाकं कसली, छातीएवढ्या लाकडी भिंतींचे चौकोनी कप्पे, प्रत्येकाला दार. "इथं काय बैलं बांधायची?" आईनं विचारलं, आणि मी हे भाषांतर करायचं नाही असं ठरवलं होतं पण तुम्ही हट्टानं विचारलंत, आणि मग त्या रिकाम्या चर्चमध्ये तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात. दार लावून आत बसवलंत आम्हाला. तेव्हा कळलं की वारा लागतच नाही. पूर्वी घराण्यागणिक कप्पा ठरलेला, आणि थंडीत तासभर प्रवचन ऐकायचं तर हाच उपाय. प्रवचनाचा तो दोन मजली लाकडी मंच १७८५ चा. लॉर्ड मेयरांच्या नावांच्या पाट्या दाखवल्यात, त्यात जॉर्ज हडसन, रेल्वेचा राजा म्हणायचे त्याला, यॉर्कला रेल्वे आणली आणि पुढे पैशांच्या भानगडीत नाव घालवून बसला. "तुमची आजची गाडी त्याच्यामुळे," म्हणालात. आईनं पाटीला नमस्कार करावा की नाही यावर क्षणभर विचार केला नि नाही केला.

आणि मग ती खिडकी. पूर्वेची, रंगीत काचांची, १४७० च्या आसपासची, त्या वेळच्या पाद्र्यानंच दिलेली. बाहेर एवढा काळोखा पाऊस तरी ती लाल-निळी चमकत होती. पाच उभ्या कप्प्यांत पाच चित्रं. तुम्ही एका टोकापासून सुरुवात केलीत, हा सेंट जॉर्ज, हा जॉन, मधे ट्रिनिटी (पिता, पुत्र नि पवित्र आत्मा), आणि आई तुमचं ऐकतच नव्हती. ती थेट दुसऱ्या टोकाला बघत होती, जिथं एक दाढीवाला बाप्या हातात काठी घेऊन पाण्यातून चाललाय आणि त्याच्या खांद्यावर लहान मूल.

"वसुदेव," आई म्हणाली.

तुम्ही म्हणालात, सेंट क्रिस्टोफर. प्रवाशांचा सांभाळ करणारा. नदी ओलांडताना मूल जड जड होत जातं आणि पलीकडे गेल्यावर कळतं की तो बाळ येशू होता. मी आईला सांगितलं आणि मग तुम्हाला आमची गोष्ट सांगितली, तुरुंग, मध्यरात्र, धो धो पाऊस, यमुनेला पूर, टोपलीत कृष्ण, वरून शेषनागाचा फणा छत्रीसारखा. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "नाग म्हणजे छत्री? मग तुमचा जास्त हुशार निघाला. आमचा बिचारा भिजलाच." हे मी आईला सांगितलं तेव्हा ती किती खूश झाली! कराडला अख्ख्या भजनी मंडळाला सांगून झालंय तिचं.

आम्ही तिघी त्या बैलांच्या कप्प्यात किती वेळ बसलो होतो? मला वाटतं वीसेक मिनिटं. तुम्ही पर्समधून मिंटच्या गोळ्या काढल्यात. आईनं पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं आणि मी भाषांतर करायचं कधी थांबवलं ते माझ्याही लक्षात आलं नाही. तुम्ही काहीतरी बोटांवर मोजून दाखवलंत तिला, तिनंही दाखवलं. वर्षं असतील. मी विचारलं नाही.

निघताना आईनं दानपेटीत पाच पाउंडांची नोट टाकली. तिकीट काढायला नको म्हणणारी माझी आई.

तर आभार कशाचे. चहाचे, खुर्चीचे, बुटांचे तर आहेतच. पण मुख्य म्हणजे मी तिचा प्रश्न गुळगुळीत करून विचारला आणि तुम्ही तो तिच्याच शब्दात ऐकलात नि खरं उत्तर दिलंत, त्याचे. दोन वर्षं मी आणि माझा भाऊ फोनवर "आई, ते कपाट आता..." असं म्हणून वाक्य अर्धवट सोडत होतो.

आई डिसेंबरमध्ये परत गेली. रेनकोट घेऊन. पंधरा दिवसांनी भावाचा मेसेज आला की आईनं बाबांचं लोखंडी कपाट उघडलंय, शर्ट-पँटी धुऊन इस्त्री करून गठ्ठे केलेत, आणि बोहारणीला द्यायचे नाहीत म्हणते, पातेलं नकोय म्हणते, जो घालेल त्यालाच द्यायचे. शेजारच्या वॉचमनला दोन शर्ट आणि एक कोट गेला. तपकिरी स्वेटर तिनं ठेवून घेतला, तिला खांद्यात ढगळ होतो, तो घालून सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला जाते. वॉचमन कोटाची बटणं लावतो का यावर तिचं बारीक लक्ष असतं.

आणि ती तुटकी चप्पल, जी तुम्ही कचऱ्यात टाकू का विचारलंत आणि तिनं घाईघाईनं पिशवीत कोंबली, ती तिनं कराडला परत नेली, विमानातून, आणि स्टँडजवळच्या चप्पलवाल्याकडून शिवून घेतली. चाळीस रुपये. हे तुम्हाला नक्की कळवायला सांगितलंय.

तुमची,
निळ्या रेनकोटवाल्या बाईंची मुलगी