चि. मनीषास, रुजू होण्याआधी

वाई

चि. मनीषा,
अनेक आशीर्वाद.

फोन हातात घेतो आणि परत ठेवतो. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू गप्प होतेस आणि तुझी आई जेवत नाही. म्हणून लिहायला बसलो. तालुक्याचा आदेश लवकरच निघेल असं तू आईला म्हणालीस. त्याआधी हे तुला मिळावं, एवढीच घाई.

आधी आनंदाचं. तहसीलदाराच्या ज्या खुर्चीसमोर मी सगळी नोकरी फायली धरून उभा राहिलो, त्या खुर्चीत माझी मुलगी बसणार. गणपती आळीतून जाताना लोक थांबवून विचारतात, ‘मॅडम कुठे रुजू होणार?’ मी ‘आदेश आला की कळेल’ म्हणतो आणि पुढे होतो. डोळे भरून येतात आणि ते कुणी पाहावं असं वाटत नाही.

आता त्या रात्रीचं. दादाकाका जे म्हणाले ते इथे लिहिणार नव्हतो, पण मनातून जात नाही. ‘नदीकाठचा तालुका हवा असेल तर मुंबईत बोलून ठेवतो, देण्याघेण्याचं नंतर बघू, आपलीच माणसं आहेत.’ मी तुझ्याकडे पाहत होतो. तू मान खाली घालून आमटी-भात कालवत राहिलीस. हो म्हणाली नाहीस, ते मान्य. पण नाहीही म्हणाली नाहीस. मग मी जे बोललो ते सगळ्या आळीनं ऐकलं, आणि तू पहाटेच्या एसटीनं निघून गेलीस.

आईला तू म्हणालीस ते तिनं मला सांगितलं. ‘एकदा चांगली जागा मिळाली की मी तिथे प्रामाणिकपणेच काम करीन, पण आधी जागा तर मिळाली पाहिजे.’ मनू, याच वाक्यानं माझी झोप उडाली आहे. नदीकाठचा तालुका म्हणजे वाळू, आणि वाळू म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको.

तू म्हणशील, बाबांनी आता पेशवाई काढली. काढतोच. निवृत्त झाल्यापासून मी दुसरं वाचलंय काय! मराठ्यांचं राज्य का बुडालं, असं कुणालाही विचार. उत्तर तयार असतं: फूट आणि फितुरी. त्यात खोटं काही नाही. 1802 च्या दिवाळीत, 25 ऑक्टोबरला, यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि 31 डिसेंबरला इंग्रजांची फौज पदरी घेण्याचा तह करून बसला. पुढच्या वर्षी शिंदे आणि नागपूरकर भोसले असईला लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले, आणि 1804 मध्ये होळकर उभे राहिले तेव्हा शिंदे मोडून पडलेले होते. हे सगळं खरं आहे. पण एवढ्यानं माझं समाधान होत नाही, कारण फूट काही तेव्हा पहिल्यांदा पडली नव्हती.

30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. मागे सख्खा काका होता. तोच राघोबा पुढे इंग्रजांकडे गेला आणि 1775 मध्ये सुरतेला साष्टी-वसई लिहून देऊन त्यांची फौज घेऊन आला. गादीवर जन्मून वर्ष झालेलं मूल, म्हणजे सवाई माधवराव, कारभार बारभाईंच्या म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाच्या हाती, आणि त्या बारभाईंचंही एकमेकांशी पटत नव्हतं. याहून मोठी फितुरी ती कोणती? तरीही जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून घाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला वडगावला शरणागतीचा करार करावा लागला. त्यांच्या वाटेवरचा दाणा-वैरण आपल्याच लोकांनी जाळला होता, आणि वेळ आलीच तर पुणंही जाळायची तयारी होती. आणि 1817? 5 नोव्हेंबरला खडकी झाली, 16 ला येरवड्याची लढाई झाली, त्या रात्री बाजीरावानं पुणं सोडलं आणि दुसऱ्या दिवशी शहर न लढता गेलं.

या अडतीस वर्षांत गेलं काय? शौर्य गेलं म्हणता येत नाही. असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, जागचे हलले नाहीत. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले 1818 च्या फेब्रुवारीत आष्टीला लढता लढता पडले. शौर्य होतं, तोफा होत्या. गेली ती कचेरी. मी अव्वल कारकून होतो, म्हणून मला तेच दिसत असेल. पण मला ते फार स्पष्ट दिसतं.

थोरल्या माधवरावांच्या आणि पुढे नाना फडणवीसांच्या काळी मामलतदार, म्हणजे तेव्हाचा तहसीलदार, सरकारनं माणूस पारखून नेमायचा. त्याच्यावर दरकदार असत. फडणीस, मजुमदार, दफ्तरदार हे मामलतदारानं नेमलेले नसत आणि त्याला काढताही येत नसत, आणि त्यांच्या हातून गेल्याशिवाय हिशेब पुरा होत नसे. पैसा तेव्हाही खाल्ला जायचाच. नाना काही देवमाणूस नव्हते, स्वतःसाठी त्यांनी अफाट साठवलं. पण खाणाऱ्याला भीती होती, आणि गावात काय चाललंय ते पुण्याला कळत होतं.

मग सवाई माधवराव गेले, आणि गादीच विकत घ्यायची वस्तू झाली. बाजीरावाला गादीवर बसवल्याचे दोन कोटी रुपये दौलतराव शिंद्यांनी मागितले. बाजीरावाकडे नव्हते, म्हणून 1798 मध्ये ते पुण्याच्या सावकारांकडून वसूल करायला शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे शहरावर सोडला. माणसांना तापलेल्या तोफेला बांधून पैसा काढला. मार्च 1800 मध्ये नाना गेले. त्यानंतर बाजीराव इंग्रजांच्या संगिनींच्या आड निर्धास्त झाला आणि त्यानं मामलती, म्हणजे तालुक्याच्या वसुलीचे मक्ते, लिलावाला काढल्या.

हे पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील असलेल्या एल्फिन्स्टननं 1819 च्या आपल्या अहवालात लिहून ठेवलंय. तो आपला शत्रू, त्याचं सगळंच खरं मानू नये. पण त्याचं हे वर्णन मला माझ्याच नोकरीतलं वाटलं. बोली लावायची ती पेशव्याच्या भोवतालच्या खुशमस्कऱ्यांनी. जो कचरेल त्याच्यावर गैरमर्जी. पुढच्या वर्षी कुणी जास्त दिले की तालुका त्याचा. त्यामुळे मामलतदाराला चौकशी करायला सवड नाही आणि दया दाखवायचं कारण नाही. तो आणखी चढ्या दरानं पोटमक्ते द्यायचा, ते पोटमक्तेदार तेच खाली करायचे, आणि शेवटी सगळा बोजा पाटलाच्या दारात. गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडे? वरच्यालाच पैसे पोचलेले. एका सालाच्या खंडानं घेतलेल्या रानात शेणखत कोण टाकतं, मनू?

आणि यातलं सर्वांत वाईट मला वेगळंच वाटतं. मक्त्यानं रयत पिळली जाते हे कुणालाही कळतं. पण मक्त्यानं आधी चांगली माणसं उठतात. पैसे न देणारा मामलतदार त्या लिलावात उभाच राहू शकत नाही, मग तो घरी बसतो किंवा तोही बोली लावायला शिकतो. तू घरी बसायची नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच भीती वाटते.

11 फेब्रुवारी 1818 ला, सातारचा किल्ला पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, एल्फिन्स्टननं जाहीरनामा काढला. वतनं-इनामं चालू राहतील, धर्माला हात लावणार नाही, हे होतंच. पण त्यात हेही होतं की मक्त्याची पद्धत बंद केली जाईल आणि वसूल बेताचा घेतला जाईल. हे प्रथम वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. परक्याला राज्य घेताना नेमकं काय देऊ करायचं ते कळलं होतं, कारण आपल्या घरात काय सडलंय ते त्यानं पाहिलं होतं. पुढे त्याच इंग्रजांनी पुणे-इंदापूरकडे इतका चढा धारा बसवला की गावं ओस पडली, तेही विसरायचं नाही. पण त्या फेब्रुवारीत कुणब्यानं कुणासाठी तलवार घ्यावी? आपल्या सरकारची त्याला ओळख होती ती फक्त पोटमक्तेदाराची. बाजीराव सालाला आठ लाख पेन्शन घेऊन बिठूरला गेला.

बघ, पुन्हा व्याख्यान झालं. मला माफ कर. तू एवढी शिकलेली, परीक्षेला हे सगळं पाठ केलेलं, आणि मी तुला सनावळ्या शिकवतोय. पण तू त्या रात्री एक शब्द बोलली असतीस तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तू चौथीत असताना आपण मेणवलीला जायचो, आठवतं? नानांच्या वाड्यामागच्या घाटावर तू ती घंटा पाहून विचारलंस, ‘बाबा, देवळात ही बाई बाळ घेऊन कोण?’ मी सांगितलं, ती मेरी आणि येशू, घंटा चर्चमधली आहे, चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हाची. तू लगेच म्हणालीस, ‘मग वसई आपलीच आहे ना?’ मी हो म्हटलं. इतकी खूश झालीस की पुढचं सांगवेना. आणि येताना भर उन्हात चप्पल तुटली तरी कडेवर घे म्हणाली नाहीस, माझा सदरा धरून वाईपर्यंत चालत आलीस. तेव्हापासून तुझ्यात ते आहे. स्कॉलरशिपच्या वेळी होतं, सदाशिव पेठेतल्या त्या कोंदट अभ्यासिकेत होतं, पहिल्या दोन निकालांत नाव नव्हतं तेव्हाही होतं.

रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. नारायणरावांच्या खुनाचा दोष राघोबाच्या माथी आहे, त्याला देहान्त प्रायश्चित्त, हे त्यांनी राघोबाच्या तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडून आपल्या वाईजवळ येऊन राहिले. पुढे नानांनी त्यांना सन्मानानं परत नेलं. पण मी काही तुला रामशास्त्री हो म्हणत नाही. मला तेवढं नको आहे. तुला दूरचा, उन्हाचा, टँकरचा तालुका मिळाला तरी चालेल. तिथेही सातबारा असतो, फेरफार असतात, पंचनामे असतात, आणि म्हातारी माणसं सकाळपासून पायरीवर बसलेली असतात. तिथे गेलीस तर कुणाचं देणं नसेल. पैसे देऊन मिळालेल्या खुर्चीत बसून प्रामाणिक राहता येतं असं तुला वाटतं. मी तसं एकालाही राहिलेलं पाहिलं नाही. एक साहेब आले होते, तुझ्यासारखेच हुशार, पहिले काही महिने फार चांगले वागले. मग वरून फोन आला की दिलेलं वसूल कधी करणार, कारण पुढच्या बदलीचा दर वाढलाय. नंतर ते कारकुनांच्या नजरेला नजर देत नसत. कचेरी आणि तालुका लिहीत नाही. त्यांची मुलं शिकतायत कुठेतरी.

दादाकाकांचं म्हणशील तर तुझ्या क्लासच्या वेळचे त्यांचे पैसे मी फेडतोय. थोडे राहिले आहेत, खालच्या रानातल्या हळदीवर तेही होतील. त्या पैशांची भीड तू धरू नकोस. ते मनानं वाईट नाहीत, तुझ्या कौतुकापोटीच बोलले. पण त्यांचं ऋण माझ्यावर आहे, तुझ्या तालुक्यावर नाही.

आईची साखर वाढली आहे, तिनं तुला सांगितलं नसेल. काळजीचं काही नाही, डॉक्टरांनी गोळी बदलली. हिरवी सुती साडी इस्त्री करून ठेवली आहे, रुजू होताना तीच नेसावीस असं तिचं म्हणणं आहे. मूळ प्रमाणपत्रांची फाईल माझ्याकडे आहे, पोस्टानं पाठवत नाही, मी स्वतः घेऊन येईन.

एक विचारतो, आणि याचं उत्तर मला आदेश निघायच्या आधी हवं आहे. काकांना तू काही कळवलंस का? नसेल कळवलं तर आज फोन कर आणि नको म्हणून सांग. त्यांना राग आला तर त्यांनी माझ्यावर काढावा. आणि त्यांना होकार देऊन बसली असशील, तर तेही मला सांग, मी ओरडणार नाही, आपण दोघं मिळून त्यांच्याकडे जाऊ.

तुझा,
बाबा