पायाला सवय होते

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. "बाबा, गाडी माझी, मी ती नीट ठेवते, मग दर दोन वर्षांनी तपासणीसाठी कुणा परक्याला ती दाखवायची सक्ती कशाला?" असं तू विचारलंस आणि मी चढ्या आवाजात बोललो. चूक झाली. पण मेकॅनिक म्हणून माझी तीस वर्षं गाड्यांखाली गेली आहेत, आणि या एका गोष्टीवर मला गप्प बसवत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रेक एका दिवसात जात नाही. मागच्या चाकांचे ब्रेक-शू, म्हणजे चाक घासून थांबवणारे पट्टे, झिजत जातात, तसतसं पेडल थोडं थोडं खाली जातं. आज केसभर, महिन्याने आणखी केसभर. पायाला त्याची सवय होते. पाय आधीपेक्षा लवकर उठतो, जास्त जोरात दाबतो, आणि हे आपण करतोय याचा पत्ताही लागत नाही. गाडी माझ्याकडे यायची ती दुसऱ्याच कामासाठी. "बाकी गाडी एकदम ओके आहे," असं मालक म्हणायचा. मी ती जेमतेम फाटकापर्यंत नेली तरी काळजात धस्स व्हायचं. मालक खोटं बोलत नसायचा. त्याच्यापुरती ती गाडी खरोखरच ओके असायची. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर हात ते धरून ठेवायला शिकतात. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या की डोळे तेवढ्याच उजेडावर भागवतात. तू गाडी नीट ठेवतेस यावर माझा विश्वास आहे. पण रोज चालवणाऱ्यालाच ही झीज सगळ्यांत उशिरा कळते.

आणि काही दोष तर जाणवतच नाहीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, असा नियम आहे. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. रोजच्या रस्त्यावर काहीच कळत नाही. लांब घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. ऑइलमधलं पाणी मोजायला तपासणीत एक मिनिट पुरतं.

तू ९४ टक्क्यांचा आकडा सांगितलास, तो मलाही माहीत आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिलेला. त्यात अपघाताचं निर्णायक कारण ९४ टक्के वेळा चालकाकडे आणि फक्त २ टक्क्यांच्या आसपास वाहनाकडे दाखवलंय. पण त्याच अहवालात असंही म्हटलंय की हे निर्णायक कारण म्हणजे अपघाताचं मूळ कारण समजू नये, आणि त्यावरून दोषही ठरवू नये. ती फक्त घटनांच्या साखळीतली शेवटची कडी. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. चालकाने अर्धा सेकंद उशिरा ब्रेक लावला तर ती चूक चालकाच्या नावावर लागते. टायरवर चांगली नक्षी असती तर ओल्या रस्त्यावरही गाडी वेळेत थांबली असती, हे त्या आकड्यात कुठे दिसणार?

तुझ्या बाजूचा खरा भक्कम मुद्दा वेगळाच आहे, तो मीच सांगतो. न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद केली. पुढे अभ्यासकांनी आकडे तपासले, तेव्हा अपघाती मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. टेक्सासनेही २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी थांबवली. हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. नव्या गाड्या पूर्वीपेक्षा टिकाऊ झाल्यात, हे मान्यच. ब्रिटनमध्ये १९६० साली ही तपासणी सुरू झाली ती दहा वर्षं जुन्या गाड्यांसाठी. इतक्या गाड्या नापास व्हायला लागल्या की मर्यादा आधी सात आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. आज तसं चित्र नाही. म्हणून दरवर्षी सगळ्यांना रांगेत उभं करा, असं मी म्हणणार नाही. जर्मनीत नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते, ते मला पटतं. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे, खालचा गंज, एवढंच बघा. काचेवरच्या स्टिकरवरून कुणाला नापास करू नका.

पण एक अट हवीच. जो तपासतो त्याला दुरुस्तीतून पैसे मिळता कामा नयेत. ज्याला ब्रेकचे पॅड विकायचे आहेत त्याला पॅड झिजलेलेच दिसणार. हे मी आमच्याच धंद्यात पाहिलंय आणि त्याची मला आजही लाज वाटते. उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी केंद्रं फक्त तपासतात, दुरुस्त करत नाहीत. ज्याचं पोट जुन्या गाडीवर आहे त्याला एका शिक्क्याने घरी बसवणंही बरोबर नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून दोषांची धोकादायक, मोठा, किरकोळ अशी वर्गवारी करतात. धोकादायक असेल तर गाडी तिथेच थांबवा, बाकीच्यांना मुदत द्या आणि फेरतपासणी फुकट करा.

आता चालकाविषयी. फोनवर हा विषय आला तेव्हा मीच तो टाळला.

एकोणिसाव्या वर्षी मला लायसन्स मिळालं. त्यानंतर आजपर्यंत माझ्या शेजारी बसून मी कसा चालवतो हे कुणीही पाहिलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी डावीकडे वळताना एक सायकलवाला अगदी बॉनेटला लागून गेला. मी त्याच्यावर ओरडलो. तो अचानक आला, असंच मी आईला सांगितलं. मागच्या आठवड्यात चष्म्याचा नंबर बदलायला गेलो, तर डॉक्टरांना काचबिंदूची शंका आली. यात बाजूचं दिसणं आधी कमी होतं, ते दुखत नाही, आणि जे दिसत नाही ते मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो, असं त्यांनी समजावलं. तो मुलगा अचानक आला नसावा, मुक्ता. तो तिथेच असणार. मलाच तो दिसला नाही. आईला हे सांगितलंय. तुला सांगायला धीर होत नव्हता.

तरीही एका ठरावीक वयानंतर सगळ्यांची परीक्षा घ्यावी, असं मला वाटत नाही. डेन्मार्कने २००६ मध्ये सत्तरीपुढच्यांसाठी स्मृती आणि आकलनाची चाचणी आणली. वृद्ध चालकांचे अपघात त्याने कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट पायी आणि सायकलवर जाणारे म्हातारे जास्त मेले, कारण गाडी सुटली तरी जाणं-येणं सुटत नाही. २०१७ मध्ये त्यांनी वयामुळे होणारी वैद्यकीय तपासणीच रद्द केली. जपानमध्ये पंचाहत्तरीपुढे आकलनाची चाचणी आहेच, पण २०२२ पासून ज्यांनी ठरावीक नियम मोडलेत त्यांना प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते. आकलनाच्या चाचणीत कागदावर घड्याळाचे काटे काढण्यापेक्षा मला हे खरं वाटतं. माझं म्हणणं असं की दर दहा वर्षांनी, पंचवीस काय आणि पंचाहत्तर काय, प्रत्येकाचे डोळे बाजूच्या नजरेसकट तपासावेत आणि अर्धा तास रस्त्यावर कुणीतरी शेजारी बसावं. तरुणांच्या हातूनही अपघात काही थोडे होत नाहीत. आणि निकाल फक्त पास किंवा नापास नसावा. रात्री चालवू नका, महामार्गावर जाऊ नका, असंही सांगता यायला हवं. तेवढं सांगितलं तरी पुष्कळ जण ऐकतील. मी तर कुणी न सांगता रात्रीची गाडी बंद केली आहे.

येत्या मंगळवारी माझी दृष्टिक्षेत्राची तपासणी आहे. अहवाल येईपर्यंत दिवसाही मी किल्ली हातात घेणार नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं, तर तू ये आणि अर्धा तास माझ्या शेजारी बस. मध्ये बोलू नकोस. वही घे, जे दिसेल ते लिही, आणि घरी आल्यावर मला वाचून दाखव. माझं मन राखायला काही गाळू नकोस.

येताना तुझी गाडीही आण, मी खालून बघतो. तोवर एक कर. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण वळव आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरव. बाहेरून नक्षी छान दिसते, आतून टायर गुळगुळीत झालेला असतो. दोन्ही बाजूंनी बघ आणि हाताला काय लागलं ते मला रात्री कळव.

तुझा,
बाबा