चि. ताईस, स्टार्टरविषयी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलता बोलता मी एकाएकी गप्प झालो आणि "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. त्यावरून मी रागावलो असे तुला वाटले, हे तुझ्या आईने रात्री सांगितले. मी रागावलो नव्हतो. तू सहज म्हणालीस की हल्ली ट्रॅक्टर किल्लीने सुरू होत नाही, पण त्यावाचून काही अडत नाही, कारण खाली उभे राहून स्टार्टरवर, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरवर, स्क्रूड्रायव्हर टेकवला की तो लगेच चालू होतो. ते ऐकून मला पुढे शब्दच सुचेनात. जे बोलता आले नाही ते लिहावे म्हणून हे पत्र. एकदाच लिहीन आणि पुन्हा तो विषय काढणार नाही, असे ठरवून बसलो आहे.

आधी कौतुकाचे लिहितो, कारण तेही काल राहून गेले. क्लच प्लेट बदलण्यासाठी तू ट्रॅक्टर मधून फोडलास, आणि फोडण्यापूर्वी पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्यास, हे धाकट्याने फोटो दाखवून मला सांगितले. तो अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर डोलतो आणि पाचर नसेल तर सुटा झालेला इंजिनाचा भाग कुशीवर कलंडू शकतो, हे पहिल्या खेपेला मला स्वतःला माहीत नव्हते. इंजिन थंड असताना टॅपेटची फट बारा थाउला, म्हणजे इंचाच्या बारा हजारांशाला, लावून तू मला फोनवरून त्याचा आवाज ऐकवलास, तेव्हा तीन सिलिंडरचा तो जुना, जड ठोका ऐकून मी किती वेळ अंगणात उभा होतो, हे आईला विचार. मॅसी फर्ग्युसन ३५ बनवायचे थांबले १९६४ च्या सुमारास; म्हणजे आपला ट्रॅक्टर जवळजवळ माझ्याच वयाचा आहे, आणि माझ्या हातात होता त्यापेक्षा तुझ्या हातात तो अधिक निरोगी आहे.

म्हणूनच मला हे समजत नाही की इतकी काळजी घेणारी तू स्टार्टर असा किल्लीला वगळून डायरेक्ट कसा करतेस. स्टार्टरपर्यंत हात न्यायचा तर माणसाला पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधेच उभे राहावे लागते. किल्लीच्या वाटेवर न्यूट्रलचा स्विच असतो, तो गिअर पडलेला असताना स्टार्टरला करंट जाऊ देत नाही. स्क्रूड्रायव्हर टेकवला की त्या स्विचला कोणी विचारतच नाही. गिअर चुकून पहिल्यात राहिला असेल तर आधी स्टार्टरच ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, आणि क्लच दाबायला वर कोणी बसलेले नसते. हे डिझेल इंजिन आहे, त्याला ठिणगी लागत नाही. इंजिन बंद करायचा स्टॉपचा दांडा आत असेल तर किल्ली तुझ्या खिशात असली तरी ते पेट घेते आणि चालू राहते. मग दीड टनाच्या आसपासचे ते वजन मागच्या चाकासकट नेमके तुझ्या दिशेने येते. तू स्वतः हट्टाने रोलबार बसवून घेतलास. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला अशी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे पुढे जवळजवळ थांबले, हे तूच मला वाचून दाखवले होतेस. परंतु रोलबार सीटवर बसलेल्या माणसाला वाचवतो, आणि डायरेक्ट करणारा माणूस त्या क्षणी सीटवर नसतो.

पाहा, पुन्हा मास्तरकी सुरू झाली. तुला हे सगळे कळते, आणि इंजिन स्वतःच्या हाताने उघडणाऱ्या मुलीला दांडा कुठला आणि स्विच कुठला हे शिकवण्यात अर्थ नाही. मला क्षमा कर. खरे म्हणजे हा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, कारण ही सवय तुला माझ्याकडूनच लागली आहे.

तू नऊ वर्षांची होतीस. दोन उन्हाळे मी हाच ट्रॅक्टर स्क्रूड्रायव्हरने सुरू करत होतो, आणि लाल मुठीचा तो स्क्रूड्रायव्हर आणून देणे हे तुझे काम होते. तू त्याला "बाबांची किल्ली" म्हणायचीस. ठिणगी उडाली की टाळ्या वाजवायचीस. गोठ्याची भिंत पडली तो दिवस तुला आठवत असेल. ब्रेक लागला नाही म्हणून पडली, असे मी सर्वांना सांगितले आणि आजवर तेच चालू आहे. ब्रेकला काहीही झालेले नव्हते. आदल्या संध्याकाळी गिअरमध्ये उभा केलेला ट्रॅक्टर सकाळी मी न पाहता डायरेक्ट केला. मागचे चाक माझ्या चपलेवरून गेले. पाय तिच्यातून कसा निघाला हे मला आजही सांगता येत नाही. तू पाच पावलांवर, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला उभी होतीस. त्या टोकाला का उभी होतीस याला काही कारण नव्हते, आणि हीच गोष्ट मला अजून रात्री जागे करते. दुसऱ्या दिवशी मी नवा स्विच बसवला, स्क्रूड्रायव्हर विहिरीत टाकला आणि तुला म्हणालो की तो हरवला. किल्ली परत का आली हे मी सांगितले नाही, म्हणून तुझ्या आठवणीत फक्त टाळ्या राहिल्या. आप्पांनी तेव्हा माझ्याकडे नुसते पाहिले होते. त्यांना कळले असावे.

आता कामाचे. स्क्रूड्रायव्हर जाड केबलच्या नटापासून सोलेनॉइडच्या, म्हणजे स्टार्टरला करंट सोडणाऱ्या स्विचच्या, बारीक वायरीच्या टोकाला टेकवून इंजिन जोरात फिरत असेल, तर बॅटरी, जाड केबल, अर्थिंग, सोलेनॉइड आणि स्टार्टर हे सगळे ठीक आहे. बिघाड फक्त त्या बारीक वायरीच्या वाटेवर आहे: किल्लीचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, किंवा त्यांच्यामधल्या वायरीच्या टोकाचा एखादा गंजलेला लग. चाकांना दगड लाव, गिअर न्यूट्रलला आण आणि स्टॉपचा दांडा ओढून ठेव. मग ती बारीक वायर सोलेनॉइडवरून काढून तिच्या टोकाला टेस्ट लॅम्प लाव, लॅम्पचे दुसरे टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि सीटवर बसवलेल्या माणसाला किल्ली फिरवायला सांग. वायर सुटी असल्यामुळे स्टार्टर फिरणारच नाही. दिवा लागला नाही तर एकेक जोड मागे जात पाहा. जिथे पहिल्यांदा दिवा लागेल, त्याच्या पुढच्याच तुकड्यात दोष आहे. तो न्यूट्रलच्या स्विचमध्ये निघाला तर त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून काम भागवू नकोस. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत त्या अशाच जोडलेल्या सापडतात, आणि मग किल्लीसुद्धा स्क्रूड्रायव्हरइतकीच आंधळी होते.

हा तासाभराचा शोध आहे आणि तो तू माझ्यापेक्षा लवकर लावशील, याबद्दल मला शंका नाही. शंका एवढीच वाटते की कामाच्या घाईत तू म्हणशील, आजच्या दिवस डायरेक्ट करू, उद्या पाहू. मी दोन उन्हाळे हेच म्हणत होतो.

पुढच्या रविवारी मी येतो. तुझा शोध तोवर लागला असला तरी न्यूट्रलचा नवा स्विच मी बरोबर आणीन. बसवायचा तूच, मी सीटवर बसेन आणि तू लांब उभी राहून सांगितलेस की किल्ली फिरवीन.

तुझा,
बाबा

ता. क. पुन्हा विषय काढणार नाही असे वर लिहिले आहे, तरी एवढे करच: हे पत्र वाचून झाल्यावर बॅटरीची अर्थची केबल काढून ठेव आणि मला फोन कर.