धायरीच्या ताई, आधी 'नाही' म्हणालात त्याबद्दल थँक्यू

ताई,

व्हॉट्सॅपवर दोन बदाम पाठवून काम भागलं असतं, पण मग ते मनातच राहिलं असतं. म्हणून हे लांबलचक, आणि सगळ्यांसमोर.

आधी कबुली देते. मांजराचं पिल्लू दत्तक देण्याआधी तुम्ही आमचं घर बघायला आलात तेव्हा मी पोहे करून ठेवले होते, मुलाने बॉल आणून ठेवला होता, आणि तुम्ही चप्पल काढून सरळ बाल्कनीत गेलात, खाली वाकून बघितलंत आणि म्हणालात, "चौथा मजला आहे, जाळी लागेपर्यंत मी मांजर देणार नाही." इतका राग आला होता मला! फुकट मांजर देतायत आणि अटी बघा, असं तुम्ही गेल्यावर नवऱ्याला म्हणाले सुद्धा. आईचं वेगळंच, आमच्या गावाला मांजरं कौलांवरून फिरायची, कोणी जाळ्या लावल्या होत्या का. तुम्ही मात्र शांतपणे सांगितलंत की मांजर पायावर पडतं हे खरं, पण एवढ्या उंचीवरून पडलं की तेच पाय मोडतात, जबडा पण फुटतो. शेवटी कबुतरांसाठी लावतात ती जाळी बसवली, खालची कड घट्ट बांधून, फोटो पाठवला, तेव्हा कुठे चिंगी आमच्याकडे आली.

सोबत तुम्ही एक वही दिलीत ती मी अजून काढून वाचते. पावसात कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटमधून काढलेलं, डोळे चिकटलेलं पिल्लू, आणि खाली तुमच्या बारीक अक्षरात रोजचं वजन. ३१० ग्रॅम, परत ३१०, ३२५, मग थेंब कधी घातले, जंताचं औषध कधी, आणि एका पानावर आकडाच नाही, नुसतं 'आज स्वतःहून खाल्लं'. दिवसभर ऑफिस करून रात्री अलार्म लावून सिरिंजने पाजणं, हे मला माझ्या पोराच्या वेळी सुद्धा जड गेलं होतं हो.

आता गोधडीचं. तुमच्याकडच्या गोधडीचा तुकडा दिला होतात, धुऊ नका, तिला ओळखीचा वास राहू दे म्हणून. चिंगी आल्या आल्या दिवाणाखाली गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला आणि आईने काय करावं, केवढा वास मारतोय म्हणून तो तुकडा मशीनला लावला! झालं, रात्री चिंगी जेवायलाच बाहेर येईना. अकरा वाजता रडत तुम्हाला फोन केला. तुम्ही ओरडला नाहीत, हसलात. आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात धायरीहून चिंचवडला गाडीवर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दुसरा तुकडा घेऊन हजर. वर आईला म्हणालात, "काकू, हा माझा वास आहे, नावं ठेवू नका." तेव्हापासून आई तुमची फॅन आहे. दूध देणं पण तिने तुमच्या सांगण्यावरून बंद केलं, आम्ही सांगून थकलो होतो की गाईच्या दुधाने जुलाब होतात, पण मांजर म्हटल्यावर दूध नको, हे तिला पटतच नव्हतं.

चौथ्या रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तर दिवाणाखालून दोन डोळे. तुम्ही सांगितलं होतंत तसं मी फरशीवर बसले, तिच्याकडे न बघता. बऱ्याच वेळाने पायाच्या अंगठ्याला ओलं नाक लागलं.

आणि मागच्या रविवारी जाळीपलीकडे कबुतर बसलं, ही सोफ्यावरून उडाली ती सरळ जाळीवर, चारही पाय अडकवून लटकली, मानेवरचे केस उभे. मी कढईतली भाजी तशीच टाकून धावले. तिला सोडवून आत आणली तर ती मजेत पाय चाटत बसली, माझे हात मात्र थरथरत होते. जाळी नसती तर, हे वाक्य मी पुढे नेतच नाही.

ट्रायकॅट लशीचे दोन्ही डोस झाले, अँटी-रेबीज झालं, आता सहा महिन्यांची होईल, फॉर्मवर सही केल्याप्रमाणे नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख घेतलीये. तुमची बास्केट त्यानंतर आणून देते, आणि आई म्हणतेय रिकामी द्यायची नाही, त्यामुळे चकली खावी लागेल.

गोधडीचा दुसरा तुकडा अजून न धुता आहे. आईची नजर आहे त्यावर, मी कपाटात लपवलाय.

तुमची,
चिंगीची चिंचवडची आई