संदर्भपुस्तिकेतील एका प्रकरणाबद्दल ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मुद्रितशोधन करणाऱ्या आमच्या छोट्या गटासाठी ईमॅक्स या मजकूर-संपादकाची जी मराठी संदर्भपुस्तिका मी सांभाळतो, तिच्यातील ‘पडद्यावरील मांडणी’ हे प्रकरण आपल्यामुळे अखेर अद्ययावत झाले, म्हणून हे पत्र.

ओळींचे क्रमांक हवे असल्यास लिनम-मोड सुरू करावा, असे त्यात पूर्वी मीच लिहिले होते. २०१८ साली आलेल्या २६.१ या आवृत्तीपासून ही सोय डिस्प्ले-लाइन-नंबर्स-मोड या नावाने ईमॅक्सच्या गाभ्यातच आहे, आणि २९व्या आवृत्तीत लिनम अधिकृतपणे कालबाह्य ठरला. मी नुसते नाव बदलून मोकळा झालो होतो. आपण मात्र विचारलेत, की कर्सरच्या ओळीपासून वर-खाली क्रमांक मोजणाऱ्या त्याच्या ‘रिलेटिव्ह’ आणि ‘व्हिज्युअल’ या पर्यायांत वाचकाच्या डोळ्यांना नेमका कोणता फरक दिसतो? मला सांगता येईना. दोन्ही लावून पाहिले तेव्हा उमगले, की आपल्या गद्यात अख्खा परिच्छेद फाइलच्या लेखी एकच ओळ असतो आणि पडद्यावर त्याच्या सहा-सात ओळी होतात. पहिला पर्याय त्या सगळ्यांना मिळून एकच क्रमांक देतो, तर दुसरा पडद्यावरची प्रत्येक ओळ वेगळी मोजतो. मुद्रितशोधकाला ‘चार ओळी खाली’ जायचे असते ते पडद्यावरच्या, हे वाक्य आता त्या नोंदीच्या सुरुवातीलाच आहे.

जोडाक्षरांची नोंद तर जवळजवळ आपलीच म्हणावी लागेल. ‘स्त्री’ हे अक्षर पडद्यावर एक दिसले तरी साठवताना ते सहा चिन्हांचे असते. कर्सर त्याच्या आधी ठेवून डिलीट दाबले तर अख्खे अक्षर जाते, आणि नंतर ठेवून बॅकस्पेस दाबले तर फक्त वेलांटी जाते. माझ्या गटातील प्रत्येकाने कधी ना कधी हा दोष समजून माझ्याकडे तक्रार केली आहे (मीही बरीच वर्षे तो दोषच समजत होतो). हे वर्तन हेतुपुरस्सर आहे आणि इंग्रजी पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले आहे, हे आपण दाखवून दिलेत.

एका बाबतीत मात्र मी आपले ऐकलेले नाही. २०२०च्या २७.१ आवृत्तीपासून देवनागरी अक्षरांची पडद्यावरील जुळणी हार्फबझ ही लायब्ररी करते, तेव्हा लिनक्सवर त्याच कामाची जुनी एम१७एन लायब्ररी बसवण्याची सूचना काढून टाकावी, असे आपण सुचवले होते. ती मी तळटीप म्हणून ठेवली आहे, कारण गटातील दोन संगणक अजून २५व्या आवृत्तीवर आहेत आणि त्यांचे मालक बदलाला राजी नाहीत. ते राजी झाले, की ती ओळ काढीन.

कळावे,
आपला नम्र,
पुस्तिकेचा संपादक